दसऱ्याला बंद पडलेली गाडी

गाडीच्या इंजिनात अजून काय काय बसवता येतं यावर माणूस किती बोलू शकतो, हे मला माझ्या दिराचं लग्न जमेना तेव्हा कळलं. त्याआधी गाडी म्हणजे कामरगावहून कारंज्याला नेणारी जीप, एवढंच माझं ज्ञान. आता सुपरचार्जरची पुली लहान केली तर काय होतं, इंजेक्टर मोठे का लागतात, हे सगळं मी कणीक मळता मळता सांगू शकते, आणि या विद्येचा मला मनापासून तिटकारा आहे.

दीर शेती करतो. चांगली करतो. सोयाबीन, तूर, रब्बीला हरभरा, विहिरीला पाणी, पिकाला ठिबक. दारू नाही, तंबाखू-सुपारीचा खर्रा नाही, कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. तिशी कधीच ओलांडली, पण मुलगी मिळेना. पाहुणे यायचे, पोहे खायचे, "मुलगा काय करते?" विचारायचे, आणि शेती म्हटलं की त्यांना एकदम परतीच्या गाडीची आठवण व्हायची. ज्यांची स्वतःची सात पिढ्यांची शेती, तेही मुलगी देताना मात्र शिपाई चालेल पण शेतकरी नको म्हणायचे. त्या पोह्यांच्या प्लेटा विसळताना मला इतका संताप यायचा की एकदा एक प्लेट माझ्या हातून मुद्दाम फुटली.

मध्यस्थाने एकदा ओसरीवर बसून सांगितलं, "दारात चांगली गाडी पायजे. आजकाल लोक आधी गाडी पाह्यतात, मंग पोरगा." दिराने ते मनावर घेतलं. पुण्याला जाऊन एका कॉलेजच्या मुलाची जुनी गाडी घेऊन आला. त्या मुलाने हौसेने तिच्यात सुपरचार्जर बसवला होता आणि नंतर त्याची हौस फिटली होती. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा हवेचा पंप. त्याच्या पोटात दोन लोखंडी फिरक्या एकमेकींत गुंतून फिरतात, मध्ये केसाएवढी फट, आणि इंजिनात हवा कोंबतात. हवा जास्त, पेट्रोल जास्त, म्हणून जोर जास्त. आमच्या गावापासून फाट्यापर्यंतच्या रस्त्यावर तिसरा गिअर पडला तर तो सण मानावा अशी परिस्थिती. तिथे हा जोर कशाला हवा होता, हे मी विचारलं. तो म्हणाला, "शिट्टी आयका ना वयनी, शिट्टी." सुपरचार्जर फिरताना एक बारीक शिट्टी वाजते. ती ऐकूनच त्याने गाडी घेतली होती.

गाडी आली म्हणजे संपलं असं मला वाटलं. पण खरं प्रकरण तिथून सुरू झालं. या गाडीला अजून काय बसवावं याचे व्हिडिओ तो पाहू लागला आणि जेवणं झाली की मोबाइल घेऊन माझ्यासमोर बसू लागला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, म्हणजे मला इंग्रजी येतं, म्हणजे सुट्या भागांची माहिती वाचून दाखवणं माझं काम. "वयनी, हे वाचा ना जरा." मी मुलांच्या वह्या बाजूला सारून वाचायची. पुली लहान केली की फिरक्या जास्त वेगाने फिरतात, हवा जास्त जाते. मग इंजेक्टर मोठे घ्या, नाहीतर पेट्रोल कमी पडेल. मग पंप बदला. हवा दाबली की तापते, म्हणून ती गार करायला पुढे वेगळी जाळी लावा. जोर वाढला की क्लच घसरतो, तोही बदला. एक वस्तू घेतली की ती दुसरी मागते, दुसरी तिसरी मागते. कोणी सांगितलं होतं पहिली घ्यायला?

वाचता वाचता मलाही थोडं समजायला लागलं. मी म्हणाले, "भाऊजी, हे समदं सोडा. आधी ब्रेक चांगले करा, अन् ते हवा गार करायचं काय आहे ते घ्या. जोराचं मंग पाहू."

तो माझ्याकडे असा पाहू लागला की जणू मी त्याला लाल पोलकं शिवायला सांगितलं. म्हणाला, "ब्रेक कोनाले दिसते वयनी?"

माझ्या मनात त्या क्षणी जी किळस बसली ती अजून गेलेली नाही. हा माणूस बैलाला फोड आला तर रात्रभर त्याच्याशेजारी बसायचा. मोटर पंप घेताना दुकानात चार प्रश्न जास्त विचारायचा. त्याच माणसाला आता दिसणारं आणि ऐकू येणारं तेवढंच हवं होतं. लहान पुली घेतली, कारण शिट्टी वाढते. मोठा सायलेन्सर घेतला, कारण फाट्यावरच्या टपरीवर माना वळतात. ब्रेक आणि गार करणारी जाळी राहिली ती राहिलीच.

या सगळ्याला फूस लावणारा अकोल्याचा एक दुकानदार होता. तो आवाजाचे निरोप पाठवायचा. "भाऊ, घेऊन टाका, पब्लिक येडी झाली पायजे." त्याचा तो लाडिक "भाऊ" ऐकला की माझं डोकं भणभणायचं. व्हिडिओ तर त्याहून वाईट. चष्मे लावलेली पोरं दवाखान्याच्या दारात गाडी उभी करून इंजिन गुरगुरवणार, खाली लोकांचे शेरे, आणि त्या शेऱ्यांत एकमेकांच्या आयाबहिणी. मी वाचून दाखवता दाखवता थांबायची. तो म्हणायचा, "ते सोडा, खालचं वाचा." खालचंही तसंच असायचं. वाचून झालं की मला हात धुवावेसे वाटायचे, आणि मी खरोखर धुवायची.

दसऱ्याच्या थोडं आधी त्या दुकानदाराने एअर फिल्टर बदलायला सांगितलं. कंपनीचा फिल्टर कागदी असतो, काळ्या डब्यात असतो, तो हवा अडवतो. त्याच्याऐवजी लाल, निमुळता, उघडा फिल्टर बसवा, बॉनेट उघडलं की नुसता चमकतो. झालं. दिराने जुना डबा उचकटून काढला आणि भंगारवाल्याला देऊन टाकला. लाल फिल्टर यायचा होता. तोवर इंजिनात हवा नेणारा पाइप बॅटरीच्या बाजूला आ वासून वर पाहत होता. त्यावर त्याने माझ्या जुन्या ओढणीचा तुकडा सुतळीने बांधला. सोयाबीन काढणीचे दिवस, गावभर मळणीयंत्रं, हवेत नुसता भुशाचा, कुटाराचा धुराळा. मी म्हणाले की गाडी तोवर काढू नका. "फिल्टर येऊनच राह्यला," तो म्हणाला.

नेमकं त्याच आठवड्यात स्थळ आलं. मुलगी केनवडची, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाची. औषधनिर्माणशास्त्र शिकलेली, रिसोडला औषधांच्या दुकानात काम करणारी. शेतकरी मुलगा चालेल म्हणाली, हेच मुळात नवल. तिची एकच अट होती. साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या आधी घर, शेत सगळं स्वतः येऊन पाहणार. सासूबाईंना ते पसंत पडलं नाही. "आमच्या टायमाले साक्षगंधाच्या आधी पोरगी सासरचं दार पाहत नव्हती," त्या म्हणाल्या. पण दुसरं कोणी दार ठोठावत नव्हतं, म्हणून गप्प बसल्या. दिवस चांगला म्हणून पाहुण्यांनी दसराच धरला.

आदल्या संध्याकाळी दीर फाटकाला रंग देत होता. मी पाणी द्यायला गेले. ब्रश न थांबवता तो म्हणाला, "वयनी, हे तरी जमलं पायजे." इतके दिवस पुली आणि पंपाबद्दल बोलणारा माणूस, पण त्याला खरोखर काय हवं होतं ते तेवढ्या एका वाक्यात आलं. मला त्याची दया आली. दोन महिन्यांत पहिल्यांदाच.

दसऱ्याला आमच्याकडे जे जे म्हणून काम करतं त्या सगळ्याची पूजा असते. अंगणात ट्रॅक्टर, फवारणीचा पंप, विळे, कुऱ्हाडी, वजनकाटा, माझं शिलाई मशीन, सगळं धुऊन पुसून मांडलेलं. मधोमध गाडी. बॉनेट मुद्दाम उघडं ठेवलेलं, पाहुण्यांना दिसावं म्हणून. पाहुणे आले, मुलगी, तिचे वडील आणि मामा. मुलीने आधी स्वयंपाकघर पाहिलं, मग संडासाचं दार उघडून आत पाहिलं. सासूबाईंच्या कपाळावर आठी आली. मला मात्र ती तिथेच आवडली. लग्न होऊन आले तेव्हा हे दार उघडून पाहायचं धाडस मला झालं नव्हतं.

मग ती गाडीजवळ आली. ओढणीच्या तुकड्याकडे बोट करून विचारलं, "याले झाकन नाही का?"

दीर लाजत लाजत सांगू लागला. हा पाइप, इथून हवा जाते, हा सुपरचार्जर, याच्यात दोन फिरक्या, मधात केसाएवढी फट. फिल्टर येणार आहे. तिने विचारलं, "मंग या फटीत कचरा गेला तं?" तो म्हणाला, "गेला तं खलास." दोघंही हसली. तो इतका सरळ, इतका समजावून बोलत होता की मला वाटलं, एवढ्यासाठी तरी हा सगळा उकिरडा घरात आला असेल तर चालेल. तिच्या चेहऱ्यावरही ते दिसत होतं. तिला तो आवडला होता.

तेवढ्यात सासूबाई पूजेचं ताट घेऊन आल्या. गाडीला हळदकुंकू लावलं, आणि त्यांची नजर ओढणीच्या तुकड्यावर गेली. "ते फडकं काहाड आधी. देवापुढं मळकं फडकं बांधून पूजा करते काय कोनी?"

दिराने एकदा त्या पाइपाकडे पाहिलं, एकदा पाहुण्यांकडे. आणि सुतळी सोडून फडकं काढलं. सासूबाईंनी डोळे मिटले, मूठभर अक्षता घेतल्या आणि इंजिनावर भरभरून टाकल्या. मनासारखं स्थळ आलं होतं, त्यामुळे मूठही नेहमीपेक्षा मोठी होती. वर झेंडूचा हार घातला. मुलगी एक पाऊल पुढे आली, काही बोलणार असं वाटलं, पण वडिलांकडे पाहून थांबली. माझ्या नवऱ्याने नारळ फोडला. मामा म्हणाले, "आता चालू करून दाखवा, पाहू तं."

गाडी चालू झाली. दिराने पाय दाबला, शिट्टी चढत गेली, आणि मध्येच तिचं कर्रकन काहीतरी झालं. दात खाल्ल्यासारखा आवाज. पट्टा किंचाळला, जळक्या रबराचा धूर निघाला आणि गाडी बंद पडली. झेंडूच्या चार पाकळ्या उडून मामांच्या सदऱ्यावर पडल्या.

जेवणं झाली, सोनं दिलं घेतलं, पाहुणे गेले. मुलगी जाताना माझ्या पाया पडू लागली, मी तिला वरच धरलं. त्यांची जीप फाटकाबाहेर पडली न पडली तोच सासूबाई म्हणाल्या, "पाह्यलं ना? दारात पाय ठेवला अन् धडधाकट गाडी बसली. असा पायगुन."

ज्या घराने आपली लेक बारावीला पहिली आली म्हणून पेढे वाटले होते, ते हे घर. शेजारच्या काकू आपट्याची पानं द्यायला आल्या त्या हा शब्द पदरात बांधून गेल्या. दिवे लागायच्या आत तो पूर्ण गल्लीत फिरून आमच्याच दारात परत आला. "म्हने पोरगी पांढऱ्या पायाची निंगाली?" विचारणारीच्या आवाजात किती गोडवा होता! पेढ्याला मुंग्या लागतात तशा बायका त्या शब्दाला लागल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीर उघड्या बॉनेटात हात घालून वाकला होता. मी चहा घेऊन गेले तेव्हा त्याने सुपरचार्जर सोडवून अंगणातल्या फळीवर ठेवला होता. तो कलता केला आणि हातात झटकला. तळहातावर तांदूळ पडले. कुंकवाने लाल झालेले, हळदीने पिवळे, बरेचसे चुरा झालेले, आणि त्यांच्यात धातूचा चकचकीत कीस. फिरक्यांवर खोल चरे पडले होते. आम्ही दोघांनी ते पाहिलं. कोणाला काही समजावून सांगायची गरज नव्हती.

"भाऊजी," मी म्हणाले, "आईले दाखवा. आत्ताच दाखवा."

सासूबाईंनी ओसरीवरून हाक मारली, "काय निंगालं रे?"

त्याने मूठ मिटली. मी त्याच्याकडे पाहत राहिले. एवढंच सांगायचं होतं की आई, तांदूळ निघाले. कोणी त्याला मारणार नव्हतं, घराबाहेर काढणार नव्हतं. फडकं आपण काढलं हे कबूल करावं लागलं असतं, आणि आईचा चेहरा थोडा उतरला असता. बस. त्याने हात खाली नेला आणि मूठ मोकळी केली. "बेरिंग गेलं," तो म्हणाला.

कोंबड्या धावत आल्या आणि त्यांनी तांदूळ टिपून टाकले.

मग मीच बोलले. ओसरीवर जाऊन सगळं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "देवाच्या अक्षतानं कुठी गाडी बंद पडते काय? काहीबाही बोलतं माय." नवरा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला, "जाऊ दे ना, सणासुदीचं." मी अंगणाकडे हात करून म्हणाले, "त्यायलेच इचारा." सासूबाईंनी विचारलं. दीर पान्हा पुसत होता. पुसतच राहिला.

त्या दुपारी मध्यस्थाला निरोप गेला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका कोणी पाहिलीच नव्हती. खरं कारण पोहोचवायला निरोपाची गरज नव्हती. ते आपोआप जीपमधून, एसटीतून, बाजारातून केनवडला पोहोचणारच होतं, आणि त्या मुलीच्या पुढच्या प्रत्येक स्थळाच्या आधी तिच्या दारात जाऊन बसणार होतं. गाडीला दुसरा सुपरचार्जर मिळाला असता. तिला काय मिळणार होतं?

मी वह्या तपासत बसले होते, तर दीर मोबाइल घेऊन आला. चेहरा ओढलेला होता, हे मी नाकारत नाही. पण मोबाइल पुढे करून म्हणाला, "वयनी, नवीन सुपरचार्जर पाह्यला. याच्यासंगं फिल्टर येते का, तेवढं वाचा ना."

मी मोबाइल त्याच्या मांडीवर ठेवला. "तुमचं तुमी वाचा," म्हणाले. "अन् वाचता येत नसंल तं त्या अकोलेवाल्याले इचारा. माह्यापाशी हे पुन्हा आनू नका." माझा आवाज चढला होता. त्याने मान खाली घातली आणि उठून गेला. राग आला असता, भांडला असता, तर मला बरं वाटलं असतं. त्याचं ते गुपचूप उठून जाणंच मला सहन होईना.

मुलीचा नंबर माझ्याकडे होता, येण्याआधी रस्ता विचारायला तिने फोन केला होता. त्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेच्या मधल्या सुट्टीत मी तिला फोन लावला. ती दुकानात होती, मागे कोणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं. मी म्हणाले, "मी त्या घरची वयनी बोलून राह्यली. तुमच्याबद्दल जे बोलणं चालू आहे ते खोटं आहे. गाडीत अक्षता गेल्या होत्या. मी माझ्या डोळ्यानं पाह्यल्या."

"मले माहीत आहे ताई," ती शांतपणे म्हणाली. "टाकतानाच दिसल्या मले. बोलावं वाटलं, पन पाहुन्याच्या घरी पूजेत कसं बोलावं?"

मी बोलतच राहिले. सासूबाईंना सांगितलं, तुमच्या वडिलांनाही सांगते, मध्यस्थाला सांगते. तिने मध्येच थांबवलं.

"गाडीचं राहू द्या. त्यायनं पाह्यल्या का अक्षता?"

"हो," मी म्हणाले.

"मंग त्यायनं काय सांगतलं घरी?"

तो तुमच्या बाजूने बोलला, असं म्हणता आलं असतं. त्याला पश्चात्ताप होतो आहे, असंही म्हणता आलं असतं, आणि ते कदाचित खरंही असेल. पण तोंडातून निघालं ते एवढंच, "बेरिंग गेलं म्हनाले."

गिऱ्हाइकाला बाटली दिल्याचा, सुटे पैसे मोजल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "बरं झालं ताई. आताच समजलं," आणि फोन ठेवला.

संध्याकाळी घरी आले तर अंगणात पुठ्ठ्याचं खोकं फोडलेलं पडलं होतं. लाल फिल्टर आला होता. बंद पडलेल्या गाडीचं बॉनेट उघडून दीर तो पाइपाच्या तोंडावर बसवून पाहत होता. माप बरोबर होतं.